एकटीने विदर्भ, फटफटीवर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

त्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरातच आटोपली होती. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी वर्ध्याहून निघाले आणि दहाव्या दिवशी दुपारी परत आले. अकरा जिल्हे, मीटरवर १७६० किलोमीटर. तेव्हापासून पतसंस्थेच्या काउंटरवर, लग्नाच्या पंगतीत, भाजीबाजारात लोक तेच ते विचारतात. सांगून सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाचं लिहून काढते.

सोबत खरंच कोणी नव्हतं?

नव्हतं. पण एकटी होते असंही म्हणवत नाही. आपल्याकडे गाडी रस्त्याच्या कडेला लावून हेल्मेट काढलं की पाच मिनिटांत कोणी ना कोणी येतंच. पहिला प्रश्न, "कुठल्या तुम्ही?" दुसरा, "ॲव्हरेज किती देते?" मग जरा घुटमळून तिसरा, "साहेब नाही आले?" साहेबांना कंबरेचं दुखणं आहे, ते मोटरसायकलवर बसत नाहीत. हे खरं उत्तर मी दहा दिवसांत तीसेक वेळा दिलं असेल. त्यावर बायका हसल्या आणि पुरुषांनी कंबरेवरचे उपाय सांगितले.

मार्ग कोणता घेतला?

वर्ध्याहून यवतमाळ, दारव्हा, कारंजा, मंगरूळपीर, वाशीम, रिसोड करत लोणार. तिथून सिंदखेडराजा, मेहकर, खामगाव, शेगाव. मग अकोट, अंजनगाव, परतवाडा, चिखलदरा, सेमाडोह आणि खाली उतरून अमरावती. पुढे संत्र्याच्या पट्ट्यातून मोर्शी, वरुड, काटोल, नागपूर. रामटेकवरून भंडारा, साकोली, नवेगावबांध, वडसा, आरमोरी, गडचिरोली. चामोर्शीजवळचं मार्कंडा, आष्टी, आलापल्ली, भामरागड. परतीला आलापल्ली, बल्लारपूर, चंद्रपूर, वरोरा, हिंगणघाट आणि घर.

आधी पश्चिम आणि मग पूर्व, हे मुद्दाम. दिवाळीनंतर वऱ्हाडात सोयाबीन आटोपत आलेलं असतं, कापसाची पहिली वेचणी चालू असते, आणि तेवढ्यात पूर्वेकडच्या झाडीपट्टीत धान कापणीला येतो, नाटकांचा हंगाम सुरू होतो. उलट्या दिशेने निघाले असते तर दोन्ही चुकलं असतं.

समृद्धीवरून का नाही गेलात? भुर्रकन झालं असतं.

समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे. ७०१ किलोमीटरचा एवढा रस्ता आपल्या दारावरून गेला, पण फटफटीवाल्याने तो खालूनच पाहायचा. कारंज्याजवळ, मेहकरजवळ मी त्याच्या पुलाखाली सावलीला थांबले. सावली मात्र झकास आहे.

मग हायवे बरा की आतले रस्ते?

हायवे वेळ वाचवायला, आतले रस्ते कशासाठी निघालो ते आठवायला. नागपूरहून हैदराबादेकडे जाणारा ४४ क्रमांकाचा, बुटीबोरी-वर्धा-यवतमाळवरून तुळजापूरकडे जाणारा ३६१ आणि अमरावती-अकोल्याचा ५३ हे तिन्ही चांगले आहेत. ५३ वर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबर अंथरून गिनीज विक्रम केला होता. लोणी ते माना हा तो तुकडा. राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल नाही. नाक्यावर डावीकडची कडेची पट्टी धरायची, फास्टॅगच्या रांगेत उगाच शिरायचं नाही.

पण हायवेवर दीडशे सीसीच्या गाडीला सुख नाही. मागून ट्रक आला की त्याच्या वाऱ्याने गाडी हलते, आणि तो पुढे निघून गेल्यावर आत ओढल्यासारखं होतं. त्या क्षणी हँडल आवळून धरू नका, गुडघ्यांनी टाकी घट्ट धरा.

आतल्या रस्त्यावर हिशेब तासाला ३५ किलोमीटरचा करा. नकाशा ५० सांगेल. नकाशाला म्हशी दिसत नाहीत.

आणखी एक साधी खूण सांगते, जी निम्म्या लोकांना ठाऊक नसते. मैलाच्या दगडाचं डोकं पाहा. पिवळं म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवं म्हणजे राज्यमार्ग, काळं किंवा निळं म्हणजे जिल्ह्याचा रस्ता, नारिंगी म्हणजे ग्रामसडक. मोबाइलला रेंज नसली तरी आपण किती आत शिरलो ते दगड सांगतो.

रस्ते फार खराब आहेत ना आपल्याकडे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं "हो" किंवा "नाही" असं उत्तर देता येत नाही. आपल्याकडे रस्ता मातीवर ठरतो, आणि त्या दिवशी त्याच्यावर कोणतं पीक आहे यावर.

वऱ्हाडातली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आकसून भेगाळते. तिच्यावरचं डांबर काही वर्षांत लाटांसारखं होतं. खड्डा एकही नसतो, तरी साठच्या वेगात गाडी होडीसारखी डुलते. पूर्वेकडे भंडाऱ्यापासून पुढे लालसर माती आणि मुरूम लागतो, तिथला कच्चा रस्तासुद्धा पावसानंतर दोन तासांत चालण्याजोगा होतो. काळ्या मातीचा कच्चा रस्ता दोन दिवसांतही होत नाही. हे मला पुस्तकात वाचून कळलं नाही.

मंगरूळपीर सोडल्यावर मोबाइलने मला अकरा किलोमीटर वाचवणारा रस्ता दाखवला. आदल्या रात्री अवकाळी पाऊस झाला होता. पहिला एक किलोमीटर खडी होती, मग खडी संपली आणि पांदण सुरू झाली. दोन्हीकडे पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, मधे काळा गारा, म्हणजे चिकट चिखल. शंभर पावलं गेले असेन, पुढचं चाक फिरायचं थांबलं. चाक आणि मडगार्ड यांच्या मधे गारा इतका ठासून भरला की ब्रेक दाबल्यासारखी गाडी जाम झाली. गंमत म्हणजे मी उतरले तरी ती पडली नाही. स्टँड न लावता तशीच चिखलात उभी. माझा एकेक बूट किलोभराचा झाला होता.

धुऱ्यावरून एक आजोबा आले. खांद्यावर शेला, पायात काही नाही. गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"काहून वं माय, या पांदणीनं फटफटी आनली? पान्यापावसाची आमी बंडीबी नाई आनत."

मी मोबाइलकडे बोट दाखवलं. त्यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. धुऱ्यावर मागच्या वर्षीच्या पऱ्हाटीचा ढीग होता, सरपणाचा. त्यातली एक जाडशी काडी मोडली, तिचं टोक दगडावर ठेचलं आणि मडगार्डच्या पुढच्या कडेने आत घातली. मला म्हणाले, चाक मागं फिरव. मी समोर ढकलत होते, ते मागे फिरवायचं होतं. चाक इंचभर मागे, गाऱ्याचा एक लोळा बाहेर. पुन्हा इंचभर, पुन्हा एक लोळा. पाऊण तास लागला. निघताना त्यांनी एवढंच सांगितलं, "आता गवतागवतानं चाल, चाकोरीत जाऊ नको." शाळेच्या निबंधात चाकोरीबाहेर जायला सांगतात, इथे ते शब्दशः होतं. बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, चाकोरीत गारा, मधल्या गवतावर पकड.

तेव्हापासूनचा नियम: पाऊस पडून दोन दिवस झाले नसतील तर काळ्या मातीत डांबर सोडायचं नाही, नकाशा काहीही म्हणो. पांदण ही शेतात जायची वाट आहे. ती पुढे कुठल्या तरी गावाला निघते, हा योगायोग.

आता पिकाचं. ऑक्टोबरात सोयाबीन आणि पुढे फेब्रुवारी-मार्चात तूर, हरभरा रस्त्यावर वाळायला पडतो. सोयाबीनचा दाणा म्हणजे चाकाखालचे छर्रे. वळणावर दिसला तर ब्रेक नको, गाडी सरळ करा आणि गॅस सोडा. त्याहून वाईट म्हणजे वाळवणाभोवती लावलेले दगड. पीक उचलतात, दगड राहतात, आणि तिन्हीसांजेला ते डांबराच्याच रंगाचे दिसतात. चिडून हॉर्न वाजवत जाणारे मोटारवाले पाहिले. ज्याच्याकडे सिमेंटचं खळं नाही त्याने दाणे कुठे वाळवायचे, हे त्यांनी सांगावं.

आणि कापसाच्या गाड्या. जिनिंगकडे निघालेली गाडी स्वतःच्या दुप्पट रुंद भरलेली असते. चालकाला मागचं काहीही दिसत नाही. तिला ओव्हरटेक करताना आपण त्याच्यासाठी नाहीच, असं समजून चाला.

कोणत्या महिन्यात जावं?

दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत. डिसेंबर-जानेवारीत पहाटे हुडहुडी भरते आणि गोंदिया-भंडाऱ्याच्या धानाच्या बांध्यांवर धुकं असतं, त्यामुळे आठच्या आत निघू नका.

उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर जातो, आणि २५ मेपासून नवतपा. त्या दिवसांत वारा अंगाला लागून गार वाटत नाही, भाजतो. अंगातलं पाणी नुसतं ओढून नेतो. जायचंच असेल तर पहाटे पाच ते दहा. हेल्मेटच्या आत ओला दुपट्टा, पूर्ण बाह्या, दर तासाला मीठ-साखरेचं पाणी. खिशात कांदा ठेवायचा असेल तर ठेवा, पण पाण्याऐवजी नको.

पावसाळ्यात मेळघाट फार देखणा दिसतो. पण रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलावरून, पाणी वाहत असेल तर थांबायचं म्हणजे थांबायचं. पाणी घोटाभर दिसतं, खाली रपटा आहे की वाहून गेला ते दिसत नाही. एसटी गेली म्हणून आपण जायचं नाही. एसटीचं वजन आपलं नाही. भामरागडला पर्लकोटेला पूर आला की ते गाव जगापासून तुटतं. जुलै-ऑगस्टात तिकडचा बेत आखूच नका.

गाडी कोणती? मोठी बुलेट-बिलेट लागत असेल.

दीडशे सीसीची, सात वर्षं जुनी, रोज ऑफिसला नेते तीच. जी गाडी तालुक्याच्या मिस्त्रीला डोळे झाकून उघडता येते ती सगळ्यात चांगली. महागड्या गाडीचा पार्ट यायला चार दिवस लागतात आणि तोवर तुम्ही त्या गावचे जावई.

वाटेत बंद पडली तर?

पडली. दारव्हा ते कारंजा या पट्ट्यात क्लच केबल तुटली. तुटण्याआधी दोन दिवस लिव्हर जड लागत होतं, मी दुर्लक्ष केलं. मात्र घरून निघतानाच नवी केबल जुनीच्या बाजूने टाकून पट्टीने बांधून ठेवली होती. एका कडेचं नट ढिलं करायचं, जुनी काढायची, नवी अडकवायची. वीस मिनिटं. ही युक्ती मला आमच्या गल्लीतल्या मिस्त्रीने शिकवली, आणि मी ती सगळ्यांना सांगत असते. वेगळी केबल डिकीत असून उपयोग नाही, कारण टाकी काढून ती आत ओवायची कशी हे रस्त्यावर जमत नाही.

केबल बदलली ती जागा शकुंतलेच्या रुळांशेजारची. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही कापूस वाहायला टाकलेली छोटी लाइन. गाडी बंद झाली, रूळ अजून आहेत, त्यांच्यात बाभळी उगवल्यात. असे जुने रूळ रस्त्याला तिरपे छेदतात तिथे चाक काटकोनात घाला, नाहीतर ते रुळाच्या फटीत अडकतं.

बाकी सामान: ट्यूबलेस टायरचं पंचर किट, पायाने हवा भरायचा पंप, स्पार्क प्लग, दोन फ्यूज, पान्यांचा संच, विद्युत-टेप, ९० नंबरचं तेल. बाभळीचा काटा आणि कापलेल्या तुरीचं खुंट ही आपल्याकडची खरी संकटं. खुंट टायरची बाजू फाडतं आणि बाजूला फाटलं की किट काही कामाचं नाही. म्हणून शेताच्या कडेला गाडी उतरवताना खाली बघून. चेन दर ५०० किलोमीटरला पुसून तेल द्यायची. हवा सकाळी टायर गार असतानाच तपासायची.

पेट्रोल मिळतं का सगळीकडे?

तालुक्याच्या गावी मिळतं. अर्धी टाकी म्हणजे रिकामी टाकी, एवढं धरून चाला. आलापल्लीला टाकी काठोकाठ भरा, मगच भामरागड किंवा सिरोंच्याकडे वळा. खेड्यात पानठेल्यावर बाटलीतलं पेट्रोल मिळतं, ते अडल्या वेळेचं. मी एकदा घेतलं आणि पुढचे वीस किलोमीटर गाडी खोकत चालली. बाटली उजेडात धरून पाहा, तळाशी पाण्याचा वेगळा थर दिसला तर राहू द्या.

रात्री चालवता?

नाही. साडेपाचला गाडी लॉजच्या दारात.

रात्री रोही, म्हणजे नीलगाय, रस्ता ओलांडतो. एक गेला म्हणून आपण गॅस देतो आणि मागचा दुसरा अंगावर येतो. कळप बहुधा असतोच. रानडुकरं येतात. बंडीला मागे लाल पट्टी नसते. संध्याकाळी ढोरं घरी परततात, तीही रस्त्याच्या मधूनच, कारण रस्ता त्यांच्याही गावाचा आहे. चिखलदऱ्याच्या घाटात तर समोरच्याचा दिवा डोळ्यांवर आला की दोन सेकंद आंधळेपण.

राहायची सोय? एकट्या बाईला खोली देतात?

खरं सांगते, दोन ठिकाणी दिली नाही. "फॅमिलीलाच देतो" म्हणाले. एका लॉजवाल्याने तर आधारकार्ड उलटसुलट पाहून विचारलं, घरी माहीत आहे का? त्रेचाळीस वर्षांची बाई मी. वाद घातला नाही, कारण जिथे वाद घालून खोली मिळते तिथे झोप लागत नाही.

नंतर पद्धत बदलली. दुपारी दोनच्या सुमारास पुढच्या गावी फोन करायचा, "मी एकटी आहे, गाडीवर आहे, खोली आहे का?" असं सरळ विचारायचं. नाही म्हणायचं ते फोनवरच म्हणतात. खोलीत शिरल्यावर आतली कडी नीट बसते का ते पाहायचं, आणि गाडी रिसेप्शनच्या उजेडात लावायची. शेगावसारख्या तीर्थाच्या गावी सोय सगळ्यात सोपी, फक्त एकादशी आणि सुटीचे दिवस टाळा. सिंदखेडराजाला १२ जानेवारीला जिजाऊ जन्मोत्सवाची गर्दी असते, त्या दिवशी खोलीची आशा करू नका.

बाथरूमचं काय करता?

हा प्रश्न फक्त बायका विचारतात, तोही बाजूला घेऊन. हायवेवर पेट्रोलपंप. आतल्या रस्त्यावर एखाद्या घराच्या ओट्यावर म्हातारी किंवा सून बसलेली दिसली की गाडी थांबवायची, पाणी मागायचं, मग विचारायचं. एकदाही नाही म्हटलं नाही कोणी. उलट चहा झाल्याशिवाय निघू देत नाहीत, म्हणजे पुढच्या तासाला पुन्हा तोच प्रश्न. पाळीचं सामान घरूनच घ्या.

खायचं काय?

हे विचारू नका, लिहिता लिहिता भूक लागते. सकाळी तर्री-पोहे. तर्री वरून किती घ्यायची ते गाडी किती चालवायची यावर ठरवा; सावजी मटणाचं तेच. मी सावजी नागपूरला खाल्लं, दुसऱ्या दिवशी मुद्दाम फक्त पन्नास किलोमीटर ठेवले. शेगावला कचोरी. परतवाड्याच्या अलीकडे एका शेतात रोडगे आणि वांग्याच्या भाजीचा कार्यक्रम चालला होता, हात केला म्हणून थांबले, पत्रावळीवर बसवलं. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेला रोडगा फोडून त्यात तूप ओततात. ते खाऊन गाडी चालवू नये, आंब्याखाली झोपावं. मी तेच केलं.

वरुडजवळ संत्री तोडत होते. आंबिया बहाराची. पाच घेतली, पैसे घेतले नाहीत, वर पाच दिली. गोड धोडाला वर्ध्याचा गोरसपाक सोबत होता, तो दहा दिवस टिकतो, आणि कोणी पाणी दिलं की परतफेडीला बरा.

गडचिरोलीत भीती नाही वाटली?

वाटली, ट्रकांची. सूरजागडच्या लोहखनिजाचे हायवा आष्टी-आलापल्लीच्या रस्त्याने जातात. रस्ता त्यांनी चाळण केलेला, आणि लाल धूळ अशी की पुढचं चाक दिसत नाही. हायवाच्या मागे राहू नका; कडेला थांबा, धूळ बसू द्या, मग निघा.

तुम्हाला विचारायचं आहे ते वेगळं, ते कळतं. दिवसा मुख्य रस्त्याने गेलं, नाक्यावर विचारलं ते नीट सांगितलं, पोलीस ठाण्याचे आणि कॅम्पचे फोटो काढले नाहीत, तर बाहेरच्या माणसाला कोणी अडवत नाही. आलापल्ली सोडताना लॉजवाल्याला सांगून गेले की संध्याकाळी परत येते. रेंज जाते, म्हणून घरीही आधीच कळवलं. भामरागडच्या अलीकडे हेमलकसा. बाबा आमट्यांनी १९७३ मध्ये सुरू केलेला लोकबिरादरी प्रकल्प तिथे आहे. पुढे भामरागडला इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा यांचा संगम. काठावर अर्धा तास बसले. एक माडिया बाई टोपली घेऊन नावेतून उतरली, तिने माझं हेल्मेट मागून घेतलं, डोक्यावर घालून पाहिलं, खदखदून हसली आणि परत दिलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती.

वाघ दिसला?

नाही. आणि दुचाकीवरून तो दिसावा असं मला वाटतही नाही. ताडोब्याच्या गाभ्यात मोटरसायकल नेता येत नाही, सफारी जिप्सीचीच, आणि मंगळवारी उद्यान बंद. मेळघाट १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, पण त्याच्या आतून सार्वजनिक रस्ते जातात. तिथे उतरू नका, फोटोला थांबू नका, अंधारापूर्वी बाहेर पडा. सेमाडोहला सिपना नदीच्या पुलावर मी गाडी बंद केली, तेवढ्यात एक कोरकू गुराखी म्हणाला, "बाई, इथं नको." कारण विचारलं नाही.

काय काय पाहिलं?

यादी देत नाही, दोन गोष्टी सांगते.

लोणार सगळ्यांना ठाऊक आहे: उल्केने बेसाल्टमध्ये पाडलेलं जवळपास १.८ किलोमीटर रुंदीचं विवर, २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं ती बातमीही. पण वर काठावरून फोटो काढून लोक परततात. सकाळी लवकर खाली उतरा. जसजसं उतराल तसतसा गाडीचा, गावाचा आवाज मागे राहतो आणि खाऱ्या, कुबट पाण्याचा वास पुढे येतो. परत चढताना गुडघे बोलतात.

दुसरं वडसा. नवेगावबांधहून येताना दोन्हीकडे तळी लागली. त्यांना मामा तलाव म्हणतात. मामा म्हणजे आईचा भाऊ नव्हे, माजी मालगुजारी. वडशाला पोचले तर चौकात नाटकांचे फलक. झाडीपट्टीची नाटकं दिवाळीनंतर सुरू होतात आणि नाटक कंपन्यांचं मुख्य ठाणं वडसाच. लॉजच्या मालकीणबाईंनी विचारलं, चलता का? त्यांच्या जीपमधून शेजारच्या खेड्यात गेले. धानाच्या बांधीत मंडप, बसायला जमिनीवर चादर, रात्री दहाला सुरू झालेलं नाटक पहाटे चारला संपलं. मधे एक बाळ माझ्या मांडीवर झोपलं, ते कोणाचं ते शेवटी कळलं. दुसऱ्या दिवशी मी गाडीला हात लावला नाही. डोळ्यांत झोप असताना चालवण्यापेक्षा एक मुक्काम वाढलेला परवडतो.

कागदपत्रं?

लायसन, आरसी, विमा, पीयूसी. डिजिलॉकरमधली चालतात, पण रेंज नसते तिथे मोबाइल काय दाखवणार? झेरॉक्स ठेवा. एका चिठ्ठीवर रक्तगट आणि घरचा नंबर लिहून हेल्मेटच्या आत चिकटवा. अपघातात ११२ किंवा रुग्णवाहिकेला १०८, राष्ट्रीय महामार्गावर १०३३.

खर्च किती आला?

साधारण ३९ लिटर पेट्रोल, म्हणजे चार हजारांच्या आसपास. खोल्यांना दिवसाला सहाशे ते हजार. जेवणाला फार लागले नाहीत, लोकांनीच खाऊ घातलं. केबल, पंचर, धुलाई धरून सगळे मिळून साडेतेरा हजार.

घरच्यांनी जाऊ कसं दिलं?

सासूबाईंनी एकच अट घातली: रोज संध्याकाळी फोन. भामरागडच्या दिवशी तो साडेसात वाजता झाला तर त्यांनी जेवण केलं नव्हतं.

गाडी विकायची आहे का?

वर्ध्यातले निम्मे पुरुष हेच विचारतात. नाही.